तिजोरीतून फाइल काढली की विंडोज का ओरडतं?

प्रश्न : मी सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. क्लायंटचे फॉर्म १६, पॅनचे स्कॅन असं सगळं क्रिप्टोमेटरच्या (फाइल्स एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून ठेवणारं सॉफ्टवेअर) व्हॉल्टमध्ये, म्हणजे तिजोरीत असतं, पासवर्ड टाकला की ड्राइव्ह दिसतो, तिथपर्यंत ठीक, पण त्यातली फाइल डेस्कटॉपवर ओढली की दरवेळी 'या फाइल्स कॉम्प्युटरला हानिकारक असू शकतात' असा मेसेज येतो. अँटिव्हायरसला काहीच सापडत नाही. ओळखीचा कॉम्प्युटरवाला म्हणतो फॉरमॅट मारा. ३१ जुलै तोंडावर आलाय, आता काय करू?

उत्तर : फॉरमॅट बिलकुल मारू नका ताई! विंडोजनं तुमची फाइल उघडून बघितलेलीच नाहीये, ती फक्त कुठून आली तेवढंच बघितलंय. तुमचा व्हॉल्ट बहुतेक वेबडॅव्हनं (नेटवर्कवरच्या फोल्डरसारखं जोडायची पद्धत) जोडलेला आहे, म्हणजे आहे तुमच्याच मशीनवर पण विंडोजला तो नेटवर्कवरचा सर्व्हर वाटतो, आणि ओळखीचा नसलेला सर्व्हर म्हणजे सरळ इंटरनेट असं धरून ते मोकळं होतं. सोसायटीचा नवीन वॉचमन वीस वर्षं राहणाऱ्या काकांना पण रजिस्टरमध्ये सही करायला लावतो, तसलंच हे. बिटलॉकरच्या (विंडोजचंच एन्क्रिप्शन) ड्राइव्हला असं होत नाही कारण तो लोकल डिस्क म्हणूनच दिसतो.

आता उपाय. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' (इंग्रजीत net use) टाइप करा, रिमोटच्या रकान्यात सर्व्हरचं नाव दिसेल, ते लिहून घ्या (पुढे पोर्टचा आकडा असेल तर तो सोडा). मग स्टार्टमध्ये इंटरनेट ऑप्शन्स शोधा, सिक्युरिटी टॅब, लोकल इंट्रानेट, साइट्स, अॅडव्हान्स्ड, आणि तिथे ते नाव अॅड करा. लोकल इंट्रानेटच हं, शेजारचं ट्रस्टेड साइट्स नको. व्हॉल्ट एकदा लॉक करून परत उघडा. एवढं नको असेल तर क्रिप्टोमेटरच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम टाइप बदलून विनएफएसपी, लोकल ड्राइव्हवालं घ्या, मला तर हेच जास्त आवडतं, कटकटच मिटते. फक्त कुणी सांगितलं म्हणून त्याच सिक्युरिटी टॅबमधला इंटरनेट झोनचा स्लायडर खाली ओढू नका, एका मेसेजसाठी खऱ्या इंटरनेटवरून येणाऱ्या फाइल्सनाही दार उघडं होतं.

पेनड्राइव्हवर टाकताना 'प्रॉपर्टीजशिवाय हलवायची का' असं विचारलं तर ते वेगळं, पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये फाइलसोबतची जादाची माहिती मावत नाही म्हणून विचारतं, खुशाल हो म्हणा.

मला खरी काळजी वाटते ती डेस्कटॉपची. व्हॉल्टमधून बाहेर काढलेली फाइल एन्क्रिप्टेड राहत नाही आणि याबद्दल मात्र कुठलाच मेसेज येत नाही! शक्यतो व्हॉल्टच्या ड्राइव्हमधूनच उघडून काम करा, काढलीच तर नंतर शिफ्ट-डिलीट करा, नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये पडून राहते. आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला सिंक होतोय का तेही आजच बघा, होत असेल तर क्लायंटच्या पॅनची ती उघडी कॉपी क्लाउडवर पण गेलेली असणार.