"आमच्या घराण्यातच आहे ते"

"मॅडम, पन्नाशी आली की दात जायचेच, आमच्या घराण्यातच आहे ते." हे वाक्य माझ्याकडे इतके जण बोलून गेलेत की आता लिहायलाच घेतलं. दातांसाठी कोणी माझ्याकडे येत नाही अर्थात, माझं काम मनाचं; येतात झोप लागत नाही, कुठे जावंसं वाटत नाही म्हणून, आणि बोलता बोलता हात तोंडावर जातो.

गोव्यातल्या डिचोलीकडच्या एक ताई, वय 52. समोरचे दोन दात गेले तसं चवथीला फुगडी घालणं बंद, आरतीलाही मागे उभ्या. घरच्यांना वाटलं डिप्रेशन. डेंटिस्टचं नाव काढलं की "आता काय उपयोग, आईचे गेले, मावशीचे गेले."

मी दातांवर लेक्चर दिलं नाही. दात गेल्यापेक्षा "जाणारच होते" हा विचार माणसाला जास्त खचवतो असं माझं मत आहे, म्हणून मी त्या विचारालाच प्रश्न विचारते.

"आई मशेरी लावायची?"

"हो तर, आम्ही सगळ्याच. त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही."

"शुगर?"

"आईला होती. मलापण आहे."

"आई डेंटिस्टकडे जायची?"

"उपटायलाच."

मग बराच वेळ गप्प. आणि स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे आईकडून मला मशेरी आली की ओ!"

हेच मी सांगितलं असतं तर मान डोलावून घरी जाऊन डबी उघडली असती. स्वतःच्या तोंडून आलं ना, म्हणून टिकलं. थोडं अनुवंशिक असतंही, नाही असं नाही, पण बहुतेक दात किडीने नाहीतर हिरड्यांच्या आजाराने जातात आणि दोन्ही थांबवता येतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने हिरड्या खराब होतात, शुगर वाढलेली असली की अजून लवकर, आणि हिरड्या बिघडल्या की शुगरही आटोक्यात ठेवणं कठीण जातं. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या सर्व्हेत डायबिटीसमध्ये गोवा देशात पहिला, 26.4 टक्के, देशाचा आकडा 11.4! मग घराघरात "घराण्यातच आहे" ऐकू येणारच की.

ताई बांबोळीला डेंटल कॉलेजात जाऊन आल्या, हिरड्या साफ करून घेतल्या, दोन दातांची कवळी बसवली. मशेरी पूर्ण सुटली नाहीये अजून, सकाळची एकदा आहेच, त्यावर आमचं काम चालूय.

तुमच्या घरात कोणाला ब्रश करताना रक्त येत असेल तर दुखायची वाट बघू नका, हिरड्यांचं दुखणं बरेचदा दात हलायला लागल्यावरच कळतं. आणि डायबिटीस असेल तर दाताच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत शुगरचा रिपोर्ट दाखवा.