त्या अर्जावर सही करू नको

प्रिय बाबू,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा अर्जही वाचला. अर्ज म्हणतो, यंदा मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, डान्स हंगामा हा पोरींच्या नाचाचा कार्यक्रम नको, प्रशासनाने बंदी घालावी. खाली सतरा सह्या आणि अठरावी जागा तुझ्यासाठी मोकळी. त्याच पाकिटात तू लिहितोस की तुझ्या नाटकाची संहिता नाटकं तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे गेली आहे, सावकाराचा प्रवेश कापतील की काय या धास्तीने झोप लागत नाही. हे दोन्ही कागद एका पाकिटात घालताना तुझा हात अडखळला नाही?

सही करू नको. नाही आवडलं तर उठून जा, पण बंद करायला लावू नको.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही ऐक. चोवीस वर्षांचा असताना मीही असाच अर्ज केला होता, स्वतःच्या अक्षरात. गावात दुसऱ्या मंडळाचं नाटक लागलं होतं, त्यात लावण्या फार, असं ऐकलं होतं. 'सामाजिक स्वास्थ्य बिघडते' हे शब्द माझे. पहिला अंक संपायच्या आत पोलीस आले. तणसावर बसलेल्या बाया पोरांना चादरीत गुंडाळून मुकाट्याने उठल्या. पडद्यामागे एक नटी ट्रंकेवर बसून खोबरेल तेलाने रंग पुसत होती. मला आयोजकांपैकी समजून तिने विचारलं, "भाऊ, आजच्या रातचे पैसे कोण देणार?" मी काही न बोलता निघून आलो. ते पैसे आजही माझ्या अंगावर आहेत.

पुढच्याच हंगामात माझं नाटक थांबलं. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्याच्या, पाण्याची गोष्ट होती, गावातल्या दोघा पुढाऱ्यांना झोंबली. ठाण्यात मला अर्ज दाखवला. 'सामाजिक स्वास्थ्य बिघडते.' माझ्याच अर्जावरून उतरवलेलं होतं.

इंग्रजांनी 1876 साली नाटकं बंद पाडण्याचा कायदा केला. तो रद्द व्हायला 2018 उजाडलं, आणि तरीही महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता तपासून घ्यावीच लागते. या पूर्वतपासणीविरुद्ध अमोल पालेकर 2016 मध्ये उच्च न्यायालयात गेले. तेवढं लांब कशाला? रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा 2000 सालचा नियम. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पडदाच दहाच्या पुढे उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. म्हणजे आपण आधीच कुणाच्या तरी मर्जीवर उभे आहोत. त्याच माणसाच्या हातात आणखी एक काठी द्यायला तू निघालास!

शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतींचं, आठवतं ना? 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, राज्याच्या नव्या कायद्यावर शिक्कामोर्तब व्हायला 2023 उजाडलं. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता, मी तो नाकारत नाही. पण पट थांबला तेव्हा तूच चिडून म्हणाला होतास, दिल्लीला आमच्या गावचं काय कळतं? मग आता हंगाम्यासाठी तहसीलदाराला का बोलावतोस?

तू म्हणशील, तिथे पोरींचे हाल होतात. होत असतील तर त्याची तक्रार कर. कुणी अल्पवयीन आहे, कुणाला डांबून ठेवलंय, कुणाचे पैसे बुडवलेत, ते नेमकं लिही. त्या कागदावर पहिली सही माझी. पण या अर्जात पोरींबद्दल एक ओळ नाही, सगळं 'संस्कृती'बद्दल आहे. संस्कृती कोणती, हे सरकारने ठरवायचं? 1942 मध्ये चिमूर-आष्टी पेटलं तेव्हा सरकारने तुकडोजी महाराजांना तुरुंगात टाकलं. सरकारला खंजिरीवरचं भजनही धोक्याचं वाटू शकतं, बाबू.

माझं नाटक थांबलं म्हणून मी हट्टी झालो, असं लोक म्हणतात. असेल. पण त्यानंतर माझ्याच जातीची टिंगल करणारं नाटक गावात लागलं तेव्हा मी अर्ज केला नाही. उठून गेलो, आणि पुढच्या हंगामात त्याला उत्तर देणारं नाटक उभं केलं. मंडळ तोट्यात गेलं. माझा सख्खा भाऊ वर्षभर बोलला नाही, त्याच्या मते मी भित्रा ठरलो. मला तसं वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं. नाही आवडलं तर उठून जावं, एवढंच मी केलं.

अर्ज परत पाठवतो आहे. सावकाराचा प्रवेश आपणहून गाळू नको, कापायचाच असेल तर ते कापू देत, आणि कारण लेखी माग. मंडईला मी येतो. आधी थोडा वेळ हंगाम्यात बसेन, मग तुझ्या नाटकाला, उजाडेपर्यंत.

तुझा,
काका