सिगार जुनी झाली की चव खरंच सुधारते का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मेहुणा दुबईला असतो, येताना ड्युटी फ्रीमधून क्यूबन सिगारचा बॉक्स आणतो आणि दरवेळी बजावतो, दाजी लगेच उघडू नका, दहा वर्षं राहू द्या, सिगार जितकी जुनी तितकी भारी. मित्र म्हणतात असलं काही नसतं, ताजीच ओढायची. मी वर्षातून दोन-चारच ओढतो त्यामुळे बॉक्स तसाही पडूनच असतो. खरं काय आणि ठेवायची तर किती वर्षं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, मेहुण्याचं अर्धं बरोबर आहे. ठेवल्याने सिगार बदलते हे नक्की, पण वर्षं वाढली तशी ती चांगलीच होत जाते असं मात्र नाही. मुरवल्याने सिगारमध्ये नवीन चव फारशी येत नाही, जे आहे त्यातलंच काहीतरी कमी होत जातं. सुरुवातीला कमी होतं ते नको असलेलं, म्हणून सिगार सुधारली असं वाटतं, आणि पुढे हवं असलेलंही उडायला लागतं. या दोन टप्प्यांच्या मधला जो काळ असतो ना, तेवढ्यात ती ओढली तर मुरवण्याचा फायदा.

नको असलेलं म्हणजे मुख्यतः अमोनिया. क्यूबात पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्टा आबाहो भागात सिगारचा उत्तम तंबाखू होतो, तिथे पान आधी लाकडी कोठारांमध्ये टांगून सुकवतात, मग त्याच्या गंज्या लावून आंबवतात. गंजीच्या आत पान आपोआप तापतं, त्यातली प्रथिनं मोडतात आणि अमोनिया बाहेर पडतो, म्हणून ताप वाढला की गंजी मोडायची, पानं खालीवर करायची आणि परत लावायची. निपाणीकडच्या वाचकांना तंबाखूच्या वखारीतला तो डोळ्यात पाणी आणणारा वास वेगळा सांगायला नको. आंबवून झालं की पान गासड्या बांधून ठेवतात. झाडाच्या शेंड्याकडचं जाड तेलकट पान, त्याला लिगेरो म्हणतात, ते सगळ्यात तिखट, त्याला किमान २ वर्षं थांबावं लागतं, मधलं सेको आणि खालचं व्होलादो लवकर तयार होतं. म्हणजे तुमच्या हातात बॉक्स येतो तेव्हा आतलं पान आधीच बरंच म्हातारं झालेलं असतं आणि मुरवण्याचं मोठं काम तिथेच उरकलेलं असतं. हे लोक विसरतात आणि सगळं श्रेय घरातल्या डब्याला देतात!

मग घरी ठेवून अजून काय होतं? तर सिगार वळताना पान फाटू नये म्हणून त्याला ओल देतात, त्या ओलीने आंबण्याची क्रिया थोडी परत सुरू होते आणि वळल्यानंतरचे काही महिने सिगार उग्र लागते, नाकाला अमोनियाचा झटका बसतो, धूर जिभेला टोचतो. क्यूबन सिगारवाले याला आजारपणाचा काळ म्हणतात. कारखान्यात स्पॅनिश सीडरच्या लाकडाने मढवलेल्या खोलीत सिगारींना विश्रांती देतात पण ती प्रत्येक वेळी पुरतेच असं नाही. त्यामुळे बॉक्स ताजा असेल तर वर्षभर थांबा, एवढं मी डोळे मिटून सांगेन. त्या एका वर्षात जितका फरक पडतो तितका पुढच्या पाच वर्षांत पडत नाही.

त्यापुढचं सगळं सिगार कोणती यावर आहे. जिच्यात लिगेरो भरपूर, जी ताजी असताना अंगावर येते, तिला ३ ते ५ वर्षं दिली की धार मोडते, मिरीसारखा तिखटपणा मागे जातो आणि त्याच्याखाली दडलेला कोको, लाकूड, चामडं असा वास पुढे येतो. पार्टागासची सेरी डी नंबर ४ किंवा बोलिव्हार ही या जातीची. पण मुळात सौम्य असलेली सिगार, म्हणजे होयो दे मोंतेरेचे हलके साइझ किंवा कनेक्टिकट रॅपरच्या (रॅपर म्हणजे सगळ्यात वरचं पान) पिवळसर सिगारी, यांच्याकडे कमी करण्यासारखं फार नसतंच, जास्त ठेवल्या की धूर नुसता गरम हवेसारखा लागतो. तांदळाचं बघा ना, नवा आंबेमोहोर शिजताना घरभर घमघमतो पण भात चिकट होतो, जुन्याचा भात मोकळा होतो पण तो घमघमाट राहत नाही, आणि किती जुना चांगला हे शेवटी घरच्यांच्या जिभेवर. सिगारचंही तेच, मऊपणा मिळवायचा तर वास थोडा द्यावा लागतो.

आणि खराब वळलेली, ओढायला घट्ट, कच्च्या पानाची सिगार दहा काय वीस वर्षं ठेवा, ती म्हातारी होईल, चांगली होणार नाही.

आता तुमचा बॉक्स उलटा करा. खाली शिक्का असेल, कारखान्याचा कोड आणि त्याखाली महिना-वर्ष, महिना त्याच्या स्पॅनिश नावाच्या पहिल्या तीन रोमन अक्षरांत, एनेरो म्हणजे जानेवारी, आगोस्तो म्हणजे ऑगस्ट, दिसिएम्ब्रे म्हणजे डिसेंबर. ही बॉक्समध्ये भरल्याची तारीख, तुमची मोजणी इथून सुरू करायची, मेहुणा विमानातून उतरला त्या दिवसापासून नाही. कधीकधी दुकानातच ३-४ वर्षं पडून राहिलेला बॉक्स मिळतो, मग थांबायचं कारणच नाही. नाहीतर दर सहा महिन्यांनी एक ओढायची, दोन ओळी लिहून ठेवायच्या, तिखट किती, वास कसला, शेवटचा तिसरा भाग कसा लागला. ज्या सिगारनंतर वाटेल की आता याहून मऊ नको, त्याच वर्षी बाकीच्या सिगारी मित्रांना बोलावून संपवा. दहा वर्षांचा हट्ट माझ्या मते बहुतेक सिगारींच्या बाबतीत चुकीचा आहे, चांगल्या सिगारी वाट बघण्यात फुकट जातात याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : बाबांच्या सिगारच्या पेटीत काही सिगारींवर पांढरट भुकटी दिसतेय. बाबा म्हणतात हे मुरल्याचं लक्षण आहे, तेल वर येऊन त्याचे खडे होतात, उलट याला किंमत जास्त. मला बुरशी वाटतेय. मी त्यांना ओढू देऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमचा संशय योग्य आहे. बाबा म्हणतात ती समजूत सिगारवाल्यांमध्ये खूप जुनी आहे, पण जे पांढरं दिसतं ते बहुतेक वेळा बुरशीच असते. ठिपक्याठिपक्यांनी आलेली, कापसासारखी उभी, हिरवट निळसर झाक असलेली किंवा पुसल्यावर खाली डाग सोडणारी असेल तर अजिबात वाद नको, बुरशी. सिगारच्या पायाकडे, जिथे पेटवतात तिथे बघा, आतल्या भरणाच्या पानांत, म्हणजे फिलरमध्ये, पांढरं शिरलं असेल तर ती सिगार फेकून द्या, बाबा कितीही हळहळले तरी. नुसतं वर कुठेतरी असेल तर लोक पुसून ओढतात पण मी घरच्या माणसाला तेही देणार नाही. मग पेटी रिकामी करून कोरड्या कपड्याने पुसा, दोनेक दिवस उघडी ठेवा आणि ओलावा ६५ टक्क्यांवर आणा, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पेटीत वेगळं पाणी ठेवायची गरजच नसते, आणि बाबा बहुतेक वर्षभर तेवढंच पाणी ठेवत असणार.

प्रश्न : जुन्या सिगारमधलं निकोटिन आणि विष उडून जातं म्हणून ती कमी घातक असते, असं एका ग्रुपवर वाचलं. खरं आहे का? मी अजून सुरू केलेली नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, खरं नाही. मुरताना अमोनिया जातो, त्यामुळे धूर घशाला लागत नाही, एवढंच. तंबाखूतली कॅन्सर करणारी नायट्रोसामाइन्स पान सुकवताना आणि आंबवतानाच तयार होतात, ती डब्यात ठेवून उडून जात नाहीत, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड, टार हे जुन्या पानातूनही तेवढंच निघतं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका आख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो आणि धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका राहतोच. मऊ लागते म्हणून माणूस जास्त ओढतो हे वेगळंच. मी या सदरात चवीबद्दल लिहितो कारण जे ओढतात ते विचारतात, पण तुम्ही सुरू केली नाहीये ना, मग करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

प्रश्न : लग्नात भेट आलेला सिगारचा बॉक्स ५-६ वर्षं कपाटात होता. परवा काढला तर सिगारी हातात कुरकुर वाजतायत, एकीचं वरचं पान तडकलं. ही मुरलेली म्हणायची की वाया गेली? पुढे नीट ठेवायचं तर घरात काय करावं? ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, परवडत नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ही मुरलेली नाही, वाळलेली आहे. मुरायला पानात थोडी ओल लागते, ओल गेली की आतली क्रिया थांबते आणि सुगंधी तेलंही हळूहळू उडतात. ओल परत देता येते, तेल परत देता येत नाही, त्यामुळे या सिगारी ओढण्यालायक होतील पण पहिल्यासारख्या नाही. घाई मात्र करू नका, ओल्या फडक्यात गुंडाळणं, बाथरूममध्ये ठेवणं असले प्रकार केले तर आतलं पान फुगेल आणि रॅपर उभा फाटेल. हवाबंद डब्यात आधी ६२ टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅक, म्हणजे ओलावा ठरावीक राखणारी पुडी, ठेवा, बोवेडा वगैरे ऑनलाइन मिळतं, महिनाभर तसंच राहू द्या, मग ६५ चं टाका आणि अजून एक-दोन महिने जाऊ द्या.

ह्युमिडॉर नसला तरी काही अडत नाही. चांगला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, वास नसलेला, मसाल्याचा जुना डबा नको कारण सिगार कसलाही वास पटकन ओढून घेते. आत सिगार बॉक्सचंच लाकूड ठेवा, ते स्पॅनिश सीडर खरं तर आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. सोबत पॅक आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे ओलावा मोजायचा मीटर. हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाण्याने ओलसर करा आणि ते मीटरसोबत झिपलॉकमध्ये बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला हवा, ७१ दाखवला तर तुमचा मीटर ४ ने कमी दाखवतो हे लिहून ठेवा.

ओलाव्यापेक्षा आपल्याकडे मोठा प्रश्न तापमानाचा आहे. लांब मुरवायला १८ ते २० डिग्री हवं आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. खोली सतत २४-२५ च्या वर राहिली की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटू शकतात, हळदीत आणि धन्यात पडतो तोच हा किडा, एकदा लागला की सगळ्या बॉक्सला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. बहुतेक मोठे कारखाने हल्ली माल पाठवायच्या आधी गोठवतात, तरी शंका असेल तर सिगारी दुहेरी झिपलॉकमध्ये घालून एक दिवस फ्रिजमध्ये, ३-४ दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. कायमचं मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते. थंड जागा नसेल तर नागपुरात, आणि खरं सांगायचं तर मुंबईतही, वर्षानुवर्षं मुरवण्याच्या भानगडीत पडू नका, लागतील तेवढ्याच घ्या.

प्रश्न : इथे क्यूबन मिळत नाहीत म्हणून मी निकाराग्वाच्या सिगारी घेते. त्याही मुरवायच्या का? सेलोफेन काढायचं की ठेवायचं? आणि १९६२ च्या आधीच्या क्यूबन सिगारी इथे वेड्या किमतीला विकतात, त्या खरंच तेवढ्या चांगल्या असतात का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : शेवटच्याचं आधी सांगतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबावर व्यापारबंदी घातली, म्हणून त्याआधी अमेरिकेत आलेल्या सिगारींना तिथे वेगळा भाव आहे. साठहून जास्त वर्षांची सिगार अगदी नीट सांभाळलेली असली तरी धूर फार नाजूक, चहाच्या पत्तीसारखा फिका असतो, आणि नीट सांभाळलेली होती की नाही हे पेटवल्याशिवाय कळत नाही. तुम्ही जे पैसे देता ते इतिहासाला देता, त्यात गैर काही नाही, पण चवीसाठी म्हणून त्या घेऊ नका असाच माझा सल्ला आहे.

निकाराग्वाच्या एस्तेलीकडचा तंबाखू जोरदार असतो त्यामुळे त्याला वर्ष-दोन वर्षांचा फायदा होतो, पण तिथले बरेच कारखाने पान आधीच पुरेसं मुरवून विकतात. तिथल्याच पाद्रोन या ब्रँडच्या १९६४ अ‍ॅनिव्हर्सरीत तंबाखू ४ वर्षं आणि १९२६ मालिकेत ५ वर्षं मुरवलेला असतो, ती दुकानातून आणून त्याच आठवड्यात ओढली तरी चालते. क्यूबावालेसुद्धा हेच वेगळं विकतात, रेझेर्वा नावाने विकतात त्या सिगारींचं पान किमान ३ वर्षं, ग्रान रेझेर्वाचं ५ वर्षं, आणि २०१५ पासून आन्येहादोस म्हणून सिगारी आल्या, त्या वळल्यानंतर क्यूबातच बॉक्समध्ये ५ ते ८ वर्षं ठेवतात. लेबलवर हे वाचलं की घरच्या मुरवणीचा हिशोब तेवढा कमी करा.

सेलोफेनमधून हवा आणि ओल थोडी थोडी जाते येते त्यामुळे आतही सिगार मुरते, फक्त हळू. वेगवेगळ्या ब्रँडच्या सिगारी एकाच डब्यात असतील तर काढू नका, वास एकमेकींना लागत नाही आणि रॅपरही सुरक्षित राहतो. एकाच ब्रँडचा आख्खा बॉक्स असेल तर काढलंत तरी चालेल. फ्लेवरवाल्या, व्हॅनिला कॉफी वगैरे, त्यांना मात्र सेलोफेनसकट वेगळ्या डब्यात टाका आणि सहा-आठ महिन्यांत संपवा, तो वास वरून लावलेला असतो आणि सगळ्यात आधी तोच उडतो.