पाळकाला परवडेल असा आयुर्विमा कोणता घ्यावा?

प्रश्न असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात चर्चचा पाळक (धर्मगुरू) आहे, वय ३४, बायको आणि दोन लहान मुलं, मानधन महिना १४ हजार, राहायला चर्चचं घर. ओळखीचा एजंट वर्षाला ११ हजार हप्त्याची, २ लाखांची मनीबॅक (अधूनमधून थोडे पैसे परत देणारी) पॉलिसी घ्या म्हणून मागे लागलाय. घ्यावी का?

सलाम, पाळकसाहेब. मीही पाळकच. खानापूर तालुक्यात आणि बेळगावात मिळून १९ वर्षं सेवा झाली. ती पॉलिसी घेऊ नका.

आपण हिशेब करताना मानधन तेवढं धरतो, घर धरतच नाही. इतर नोकरदार गेला तर पगार थांबतो, छप्पर बहुतेक वेळा राहतं. आपल्या घरातलं दोन्ही एकदम जातं, कारण नव्या पाळकाला तेच घर लागतं. माझे एक सहकारी बेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, काही वाईट नव्हती, तीन महिन्यांची मुदत दिली, टेंपोचं भाडंही वर्गणी काढून भरलं. सामान बांधायला मी गेलो होतो. पाळकीणबाईंनी शेगडी पोत्यात बांधली आणि सिलिंडरला हात लावून थांबल्या. शेगडी त्यांची, पण गॅसचं कनेक्शन चर्चच्या नावावर. सिलिंडर तिथेच राहिला. ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली पॉलिसीचं पाकीट सापडलं तेव्हा आम्हा दोघांनाही धीर आला. पण आत एकच पावती होती. दीड लाखाची पॉलिसी, हप्ता ९ हजार, आणि दुसऱ्या वर्षी तो नेमका मुलीच्या फीच्या महिन्यात आला. बंद पडलेल्या त्या पॉलिसीचा एक रुपयाही मिळाला नाही.

तुम्हाला दाखवलेली पॉलिसी त्याच जातीची आहे. बचत आणि विमा एकत्र केला की हप्त्यातला मोठा भाग बचतीकडे जातो आणि घराला संरक्षण मिळतं नावापुरतं. तेच २ लाखांचं संरक्षण प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत मिळतं. वय १८ ते ५० असेल आणि बँकेत किंवा पोस्टात खातं असेल तर एक अर्ज भरायचा, दरवर्षी पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. संरक्षण ५५ वर्षं वयापर्यंत चालू ठेवता येतं. त्याच्याच शेजारी २० रुपयांची सुरक्षा विमा योजना आहे, ती अपघाती मृत्यूला २ लाख देते. मोटारसायकलवरून तीन-तीन गावांच्या उपासना करणाऱ्या माणसानं ती घेतलीच पाहिजे. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात पाचशे रुपये ठेवा. एका वर्षी माझ्या खात्यात तेवढेही नव्हते, हप्ता कापला गेला नाही आणि मला ते कळलं ऑक्टोबरात. नव्यानं नाव घातलं की जीवन ज्योतीत पहिले ३० दिवस अपघाताखेरीज दुसऱ्या कारणानं झालेल्या मृत्यूचे पैसे मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

पण २ लाखांत मुलं मोठी होत नाहीत. २५ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेतेरा हजार येतात, म्हणजे जेमतेम तुमचं आजचं मानधन. घरभाडं वेगळंच. म्हणून निदान २५ लाखांचा साधा मुदत विमा घ्या, ज्याला सगळे टर्म म्हणतात. जिवंत राहिलात तर त्यातून काही परत मिळत नाही आणि म्हणूनच तो स्वस्त असतो. धाकटं मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंतची मुदत पुरे. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. टर्मवर पूर्वी तो १८ टक्के होता.

आपल्याला अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यापाशी. मानधन पाकिटातून रोख, कापणीच्या सणाला भाताचं पोतं, नाताळात थोडं दानार्पण. हे विमा कंपनीला कसं दाखवणार? खजिनदारांना सांगून मानधन खात्यावर घ्या, चर्चच्या लेटरहेडवर दाखला घ्या आणि कर शून्य निघाला तरी रिटर्न भरा. तरीही मोठा टर्म देत नसतील तर ‘सरल जीवन बीमा’ नावाचा टर्म मागा. कंपनी कोणतीही असो, त्याच्या अटी सारख्याच, फक्त दर वेगळे, म्हणून तीन-चार ठिकाणचे दर बघूनच ठरवा. रक्कम ५ ते २५ लाख, व्यवसाय किंवा गाव बघून नाकारत नाहीत. पहिले ४५ दिवस मात्र अपघाती मृत्यूच धरतात. तुमच्या चर्चकडून किंवा ट्रस्टकडून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तेही विचारा, कारण सरकारी ईपीएफला जोडलेल्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात आणि कित्येकांना ते ठाऊकच नसतं. थोडी बचतही हवीच असेल तर पोस्टाचा ग्रामीण डाक जीवन विमा बघा. तो १९९५ पासून खेड्यातल्या लोकांसाठीच आहे, कमाल १० लाखांचा. पण आधी टर्म.

विमा म्हणजे विश्वास कमी, असं तुम्हाला मंडळीतलं कुणीतरी म्हणेल. मलाही म्हणाले. मी त्यांना बायबलातलं २ राजे, चौथा अध्याय उघडून दाखवतो. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण मेला, देवाला भिणारा माणूस, आणि सावकार त्याची दोन मुलं गुलाम करायला दारात आला. त्याच्या विधवेला अलीशा संदेष्ट्यानं ‘विश्वास ठेव’ एवढंच सांगून परत पाठवलं नाही. घरात काय आहे ते विचारलं, कर्ज फेडायची आणि उरलेल्यावर मुलांसह जगायची सोय करून दिली. आपल्याकडेही सोसायटीचं कर्ज नसलेला पाळक विरळाच. म्हणून अर्ज भरतानाच ‘विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४’ याखाली पॉलिसी बायको-मुलांच्या नावे करून मागा. मग त्या पैशाला कर्ज देणारा सहसा हात लावू शकत नाही, तुम्ही स्वतःही नाही. हे नंतर जोडता येत नाही.

अर्ज स्वतः वाचा. इंग्रजी किंवा कन्नड नीट येत नसेल तर समजणाऱ्याला शेजारी बसवून एकेक प्रश्न मराठीत करून घ्या, आणि समजल्याशिवाय सही करू नका. आपल्या निपाणीकडे तंबाखूची चिमूट किंवा मिश्री घरोघरी आहे. पाळकानं कसं लिहायचं म्हणून ‘नाही’ वर खूण करू नका. हप्ता वाढेल, वाढू दे. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी असंच काहीतरी शोधते. पॉलिसी हातात आल्यावर नको वाटली तर ३० दिवसांत परत करता येते.

शेवटचं काम नावाचं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याचं दुसरं, आधारवर कन्नडातून आलेलं तिसरंच स्पेलिंग, असं आपल्यात फार आहे. तुमचं आणि पाळकीणबाईंचं नाव आधार, पॅन, बँक आणि पॉलिसी चारही ठिकाणी एकसारखं करून घ्या. ४३६ आणि २० रुपयांचे अर्ज याच आठवड्यात भरा, बँकेत जाताना त्यांनाही बरोबर न्या, आणि पॉलिसीचं पाकीट ट्रंकेत नको, रोजच्या पवित्र शास्त्राशेजारी, म्हणजे बायबलाशेजारी, ठेवा.