वाचकांचे प्रश्न : रीडिंग जुळली, तरी उत्तर चुकले कसे?

प्रश्न : ४.०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड तोलून त्याचे एक लिटर द्रावण केले आणि ते ०.१००० मोलर (एका लिटरात ०.१००० मोल) धरले. त्या द्रावणाने ०.१००० मोलर प्रमाणित हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०.०० मिलीचे टायट्रेशन केले, म्हणजे आम्ल पुरते उदासीन व्हायला किती द्रावण लागते ते मोजले. रीडिंग आली १०.४०, १०.४२ आणि १०.४४ मिली. त्यावरून आम्ल ०.१०४२ मोलर ठरते. रीडिंग इतकी जुळत असताना उत्तर चार टक्के जास्त का?

उत्तर : तुमच्या हाताचा यात दोष नाही. तीन रीडिंगचे प्रमाण विचलन (ती सरासरीभोवती किती पसरली याचे माप) ०.०२ मिली, म्हणजे सुमारे ०.२ टक्के आहे. ब्युरेटवर याहून चांगले काम क्वचितच होते. पण हे झाले प्रिसिजन, म्हणजे मापे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते. मापे खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहेत ते सांगते अचूकता, आणि रीडिंग आपापसांत जुळली म्हणून तिची खात्री पटत नाही.

चूक तराजूपाशीच झाली आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे तोललेले चारही ग्रॅम हायड्रॉक्साइडचे नव्हते. तुमच्याच आकड्यांवरून द्रावण ०.०९६० मोलरच्या आसपास निघते. अशी त्रुटी दर वेळी एकाच दिशेने ओढते. तिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. टायट्रेशन वीस वेळा केले तरी ती सरासरीत तशीच राहते. पुनरावृत्तीने आटोक्यात येते ती फक्त यादृच्छिक त्रुटी, म्हणजे कधी इकडे, कधी तिकडे पडणारी.

उपाय म्हणजे द्रावण प्रमाणित करणे, म्हणजे शुद्ध, नेमके तोलता येणाऱ्या पदार्थाशी ताडून त्याची खरी तीव्रता काढणे. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११० अंश सेल्सिअसला दोन तास वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा. सुमारे ०.५१ ग्रॅम घ्या, वजन मात्र चौथ्या दशांश स्थळापर्यंत टिपा. उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवून फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकावर टायट्रेट करा. थॅलेटचे रेणुवस्तुमान २०४.२२ असल्याने ०.५१०६ ग्रॅमला बरोबर ०.१००० मोलर द्रावण २५.०० मिली लागेल. तुमचे द्रावण २६ मिलीच्या आसपास लागेल. ठेवलेल्या द्रावणात कार्बोनेट वाढत जाते, आणि फिनॉल्फथॅलीनवर कार्बोनेटची निम्मीच ताकद मोजली जाते. म्हणून प्रमाणीकरण अधूनमधून पुन्हा करावे.

प्रश्न : रंगमापनात (रंगीत द्रावण किती प्रकाश शोषते त्यावरून पदार्थाचे प्रमाण मोजण्यात) नमुना ०.२५ मिग्रॅ प्रति लिटर आला, तरी अहवालात आकडा नव्हता. का?

उत्तर : ‘आहे’ म्हणता येणे आणि ‘किती आहे’ सांगता येणे यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. ब्लँक (मोजायचा पदार्थ नसलेला कोरा नमुना) किमान दहा वेळा मोजून त्याचे प्रमाण विचलन काढतात. समजा ते ०.००२० शोषण एकक आले आणि कॅलिब्रेशन रेषेचा (माहीत असलेल्या प्रमाणांना किती शोषण येते ते दाखवणाऱ्या रेषेचा) चढ दर मिग्रॅ प्रति लिटरला ०.०५० आहे. विचलनाच्या तिपटीला चढाने भागले की शोधमर्यादा ०.१२ मिळते, दहापटीला भागले की परिमाणन मर्यादा ०.४० मिळते. तुमचा नमुना या दोहोंच्या मध्ये पडतो. पदार्थ दिसला, पण आकडा भरवशाचा नाही. तिथे ‘शून्य’ लिहिणे तर उघडच चूक ठरेल. (काही पद्धतींत तिपटीऐवजी ३.३ पट घेतात. अहवालात कोणती घेतली ते लिहावे.)

इथे सर्रास होणारी गफलत म्हणजे ब्लँक म्हणून नुसते डिस्टिल्ड पाणी ठेवणे. ब्लँकमध्ये सगळी रसायने हवीत आणि तो नमुन्याच्याच सर्व पायऱ्यांतून जायला हवा, नाहीतर मर्यादा खोटी लहान दिसते. दुसरी गफलत म्हणजे विरलन हिशेबात न धरणे. १ ग्रॅम घन नमुना ५० मिलीपर्यंत नेला असेल, तर द्रावणातले ०.१२ मिग्रॅ प्रति लिटर म्हणजे मूळ नमुन्यात ६ मिग्रॅ प्रति किलो.

प्रश्न : पहिल्या प्रश्नातल्या आकड्यांवरून सोडियम हायड्रॉक्साइडची तीव्रता काढली, तर कॅल्क्युलेटर ०.०९५९६९२ दाखवतो. किती अंक लिहावेत?

उत्तर : सार्थ अंकांचा (मापांत खरोखर भरवशाचे असलेले अंकच ठेवण्याचा) नियम ०.०९५९७ सांगेल. पण रीडिंगचा ०.२ टक्के विखुर म्हणजे इथे सुमारे ०.०००२, तेव्हा चौथा दशांशच डळमळीत आहे. म्हणून ०.०९६० लिहा आणि शेवटचे शून्य गाळू नका. गोलीकरण मात्र अगदी शेवटच्या पायरीला करा.