देणगी द्यायची, पण अट कशी घालायची?

प्रश्न : आई संस्कृत शिकवायची. तिच्या शाळेत दहावीला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्या नावाने दर वर्षी बक्षीस मिळावं म्हणून एक लाख रुपये द्यायचे आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, "चेक द्या, बाकीचं आम्ही बघतो." एवढ्याने भागेल का? (एक वाचक, मिरज)

नाही भागणार. मुख्याध्यापकांचा हेतू चांगला असेल, पण ते पाच-सात वर्षांत निवृत्त होतील आणि बक्षीस त्यांच्या आठवणीबरोबर जाईल. चेक शाळेच्या नव्हे, शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने काढा. त्याआधी संस्थेकडून तिचा धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि परिशिष्ट एकचा उतारा मागून घ्या. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. दहा वर्षांपूर्वी वारलेले गृहस्थ अजून कागदोपत्री अध्यक्ष दिसत असतील, तर बदल अर्ज रखडलेत असं समजा. अशा ठिकाणी ठेवीची पावती तरी कोणाच्या सहीने होणार, हे आधी विचारा.

चेकसोबत पत्र हवंच. मजकूर साधारण असा ठेवा : "ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत अमुक स्मृती पारितोषिक निधी या नावाने जमा करावी. मूळ रक्कम खर्च करू नये. व्याजाच्या दोन तृतीयांश रकमेचं बक्षीस द्यावं, उरलेलं व्याज मूळ रकमेत मिळवावं. दोघांना सारखे गुण पडल्यास बक्षीस विभागून द्यावं. शाळेत संस्कृत बंद झाल्यास हेच बक्षीस मराठीतल्या पहिल्या विद्यार्थ्याला द्यावं." पत्र दोन प्रतींत काढा. एकीवर संस्थेचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. व्यवस्थापक मंडळाने देणगी या अटींवर स्वीकारल्याच्या ठरावाची नक्कलही मागा.

"कायम निधी" हे शब्द गाळू नका. देणगीदाराने तसं लेखी सांगितलं नसेल, तर संस्थेला ती रक्कम चालू वर्षाचं उत्पन्न म्हणून धरावी लागते, आणि उत्पन्न खर्च करण्यासाठीच असतं. रंगकामात गेलेली बक्षिसं बहुतेक अशीच गेलेली असतात.

आता आकडा. लाखाची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाचे 6,500 रुपये येतील. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे साधारण 4,300 बक्षिसाला द्या, 2,200 मुद्दलात टाका. पुढच्या वर्षी 1,02,200 वर 6,643 मिळतील. महागाईला हे पुरं पडत नाही, पण बक्षीस जागच्या जागी तरी थिजत नाही. "दर वर्षी 501 रुपये द्यावेत" असं कधीही लिहू नका. जुन्या शाळांच्या फलकांवर अकरा रुपयांची बक्षिसं अजून दिसतात ती त्यामुळेच. देणाऱ्याने त्या काळी भरपूर दिले होते, फक्त आकडा गोठवून ठेवला. ठेव आपोआप नूतनीकरणाच्या सूचनेसह करायला सांगा आणि पावतीची झेरॉक्स घरी ठेवा. सार्वजनिक न्यासाचा पैसा वाटेल त्या पतपेढीत ठेवता येत नाही. एक टक्का जास्त मिळतो म्हणून कोणी सुचवलं तरी ऐकू नका.

संस्कृत बंद झालं तर काय, हे कलम तुम्हाला अवाजवी वाटेल. ते नसेल आणि हेतूच संपला, तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 55 ची, म्हणजे धर्मादाय आयुक्त आणि न्यायालयाची वाट धरावी लागते. एका लाखासाठी ती कोणी धरत नाही, रक्कम पडून राहते. याउलट नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती बघा. 1912 मध्ये मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांना ती मिळाली होती. पुढे मॅट्रिक जाऊन एसएससी आली, तरी शिष्यवृत्ती चालूच राहिली.

करसवलतीबद्दल थोडक्यात. संस्थेला देणगीवरच्या आयकर वजावटीची मान्यता (लोकांच्या तोंडी "80 जी") असेल तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत आणि फक्त जुन्या करप्रणालीत. 2,000 रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, वस्तुरूप देणगी तर मुळीच नाही. पावतीपुस्तकातली पावती पुरत नाही. आयकर पोर्टलवरून निघालेलं प्रमाणपत्र संस्थेकडून मागून घ्या.

प्रश्न : माहीमचा कॉजवे एका बाईने स्वतःच्या पैशाने बांधून दिला, हे खरं का? (एक वाचक, बोरिवली)

खरं आहे. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी तेव्हा होडीने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. कंपनी सरकार पैसा घालायला तयार नव्हतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845 मध्ये रस्ता खुला झाला. अट एकच होती : या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. माहीमच्या लेडी जमशेटजी रोडवरच्या या लेडी त्याच. देणगीची अट कशी असावी याचा हा नमुना आहे. एका ओळीत मावते, मोडली तर वाटेवरच्या कोणालाही दिसते.

प्रश्न : विद्यापीठाला नाव मिळावं म्हणून ठाकरसींनी पंधरा लाख मोजले, असं कोणी म्हटलं की राग येतो. नेमका व्यवहार काय होता? (एक वाचक, पुणे)

रागावू नका, नावाची अट होतीच. धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ 1916 मध्ये पुण्यात पाच विद्यार्थिनींवर सुरू झालं. वर्गणीसाठी कर्वे दारोदार फिरत होते. सर विठ्ठलदास ठाकरसींनी जपानमधलं महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलं, आणि 1920 मध्ये पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. एसएनडीटी हे त्याचंच आद्याक्षरी रूप. मुख्य ठाणंही पुढे, 1936 मध्ये, मुंबईला हललं.

पण आमच्या मते यातला शिकण्यासारखा भाग नावाचा नाही, साडेतीन टक्के व्याजाचा आहे. पंधरा लाखांवर त्या दराने वर्षाला 52,500 रुपये विद्यापीठाच्या हाती येणार होते. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी पगार देता येतील का, ते आधी कळत नाही. ठरलेलं वार्षिक उत्पन्न मिळालं की माणसं नेमता येतात. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी तर नावापलीकडची अट घातली : वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे सगळे हिंदी, म्हणजे भारतीय, असले पाहिजेत. जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय 1926 पासून त्या अटीवर उभं राहिलं. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या काळात ही अट इमारतीपेक्षा महाग होती.

प्रश्न : रुग्णालयाला शेठजींचं नाव आहे, म्हणजे तिथे गरिबांना सवलत असतेच का? (एक वाचक, सोलापूर)

नावावरून काही ठरत नाही. रुग्णालय सार्वजनिक न्यासाचं असेल आणि कायद्याच्या कलम 41 एएच्या कक्षेत येत असेल, तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. ही मर्यादा आदेशाने वाढत आली आहे, म्हणून जुन्या फलकावरचा आकडा पाहून परत फिरू नका. यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाकडे द्या. लोक बिल हातात पडल्यावर दाखला काढायला धावतात, तिथेच बहुतेक प्रकरणं फसतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी देत नसतील तर तारीख, वेळ आणि बोललेल्या कर्मचाऱ्याचं पद लिहून त्याच दिवशी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या.

प्रश्न : जीजीभॉय यांचा पैसा अफूचा होता ना? (एक वाचक, ठाणे)

हो. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार, त्यातून ही संपत्ती. जे. जे. रुग्णालय आणि 1857 चं कलाविद्यालय त्याच पैशातून उभं राहिलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत, आणि चरित्र लिहिताना एक गाळायची सवय आपल्याकडे फार आहे.