कोड लिहून नऊ वर्षं झाली, टीमपुढे कसा बसू?

प्रश्न : नमस्कार ताई. मी ४६ वर्षांचा आहे. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत ११ जणांची टीम सांभाळतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत १२ वर्षं काम केलं, मग मॅनेजर झालो आणि कोड सुटला, त्याला ९ वर्षं झाली. मी ज्या कामाला आठवडा धरतो ते टीममधली पोरं एआयकडून दुपारपर्यंत लिहून घेतात. स्टँड-अपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, ती काय बोलतात त्यातलं अर्धं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. घराचे हप्ते अजून ८ वर्षं आहेत, मुलगी दहावीला आहे. रात्री ऑनलाइन कोर्स लावतो, दुसऱ्याच व्हिडिओला डोळा लागतो. नक्की काय शिकू?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला २००० सालचा मार्च महिना आठवला. त्याआधी दीड वर्ष मी वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या, कामावर होते. कोबॉल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच अंकांची जागा, त्यामुळे ९९ नंतर ०० आलं की व्याजाचा हिशेब शंभर वर्षं मागे जाणार. आम्ही ओळ न् ओळ वाचून तारखा शोधायचो. २००० हे लीप वर्ष आहे की नाही यावर एक अख्खी दुपार वाद झाला होता. शंभरने भाग जातो म्हणून नाही म्हणणारे बरेच होते, पण चारशेनेही जातो म्हणून ते लीपच. काम संपलं आणि मला जावाच्या टीमवर टाकलं. लीड माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे काय हे डोक्यात बसायला मला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने मी डबाही एकटीच खायचे. तेव्हा तुमची लाज मला चांगली ओळखीची आहे.

रात्रीचे कोर्स आजपासून बंद करा. दिवसभर दमलेल्या माणसाच्या डोक्यात त्यातलं काही उरत नाही, वर अपराधी वाटत राहतं. त्याऐवजी ऑफिसच्याच वेळेत, आठवड्यातून एकदा, दीड तास राखून ठेवा. मी गुरुवारी सकाळी ठेवते. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला शेजारी बसवायचं, त्याची एक खरीखुरी पुल रिक्वेस्ट (मुख्य कोडमध्ये घ्या म्हणून दिलेला बदल) उघडायची आणि त्याने ती मला ओळीओळीने समजावून सांगायची. मी फक्त विचारायचं.

गेल्या वर्षीचाच एक गुरुवार सांगते. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब होता. एआयने लिहिलेला कोड, दिसायला अगदी स्वच्छ, सगळ्या टेस्ट पास. मी विचारलं, ‘रक्कम डबलमध्ये का ठेवलीस?’ तो म्हणाला, ‘चालतंय ना मॅडम.’ मी त्याला ०.१ अधिक ०.२ करून छापायला सांगितलं. पडद्यावर आलं ०.३०००००००००००००००४. डबल हा प्रकार दशांश आकडा अंदाजेच साठवतो. त्याने लगेच टूलला सांगून दशांश जसाच्या तसा धरणारं बिगडेसिमल करून घेतलं, मिनिटभराचं काम. पण आत दिला तो मूळचाच डबल, त्यामुळे ०.१ छापल्यावर मागे ५५५१११५ अशी शेपटी आलीच. आकडा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून द्यायला हवा, हे त्याला तिथे कळलं. मग खरा प्रश्न पुढे आला : अर्धा पैसा उरला तर वर न्यायचा की खाली, आणि दर हप्त्याला की शेवटी एकदाच? ते टूलला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. आम्ही क्लायंटच्या अकाउंट्समध्ये फोन लावून विचारलं.

हे मला कुठल्या कोर्सने शिकवलेलं नाही. कोबॉलमध्ये रुपयांना किती अंक आणि पैशांना किती हे आधीच आखून द्यावं लागायचं, त्यामुळे पैशाचा आकडा दिसला की माझा हात आपोआप थांबतो. बारा वर्षांच्या जावाने तुम्हालाही असे थांबे दिलेले असणार. एकदा कोडसमोर बसलात की ते आठवतील. भाषेतलं नवं म्हणाल, तर २०१४ च्या जावा ८ मधले लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शन, तुम्ही वापरलेले असतील. नुसता डेटा धरणारे रेकॉर्ड आणि एका वेळी हजारो कामं चालवू देणारे २०२३ च्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड, एवढं आधी बघा. दोन महिन्यांत जमेल.

तुमचा अंदाज चुकतो कारण लिहायचा वेळ घटलाय, वाचायचा नाही. टीमचा कामांचा बोर्ड नीट बघा. आमच्याकडे रिव्ह्यूच्या, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासायच्या, रकान्यात कार्डांची रांग लागली होती, कारण लिहिणारे सहा आणि मन लावून वाचणारे दोन. तिथे तुमची गरज आहे. शिवाय टूल सहज एखादी नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, ओढून आणतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं तेव्हा ‘ही आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ याचं उत्तर शोधण्यात किती टीमच्या रात्री गेल्या, ते तुम्हीही पाहिलं असेल. प्रत्येक नव्या लायब्ररीमागे ‘ही कशाला हवी?’ हे विचारायचं काम तुम्ही अंगावर घ्या.

आणि उद्याच्या स्टँड-अपला, सगळ्यांसमोर म्हणा, ‘हे मला कळलं नाही, सांग.’ लीडने विचारलं की शेजारचा फ्रेशरही विचारतो. जो फ्रेशर विचारत नाही, तो न कळलेला कोड तसाच पुढे ढकलतो.

नोकरी टिकेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. मधल्या फळीतली चांगली माणसं घरी बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढून ठेवा आणि घरी बायकोला हे सगळं मोकळेपणाने सांगा. पोटात गोळा घेऊन माणूस शिकू शकत नाही.

प्रश्न : मी नाशिकला ७ जणांची लीड आहे. टीममधले एक सर ५३ वर्षांचे आहेत, माझ्यापेक्षा १८ वर्षांनी मोठे. ते एआय टूलला हातही लावत नाहीत आणि मुलं त्यांना मागून हसतात. मी त्यांना कसं सांगू?

उत्तर : आधी मुलांचं हसणं थांबवा, तेही आजच. मग सरांना कारण विचारा. कदाचित क्लायंटचा कोड बाहेर जाईल अशी त्यांना काळजी असेल, आणि ती रास्तच आहे. कंपनीने कुठलं टूल मंजूर केलंय, त्यात काय घालायचं नाही, हे लेखी आणून त्यांच्या हातात द्या. जुने स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेले प्रोग्रॅम, त्यांच्याइतके कुणाला माहीत नसणार. त्यातला एक टूलकडून समजावून घ्यायचा आणि ते कुठे चुकलं हे सरांनी दाखवायचं, असं एक काम त्यांना द्या, सोबत एक हुशार मुलगी द्या. हे बोलणं मात्र मीटिंग रूममध्ये नको, खाली चहाच्या टपरीवर करा. तिथे तुम्ही त्यांच्या लीड नसता.